लॉगबुकात न लिहिलेलं

अमेरिकेतल्या आमच्या शाळेत सातवीचा तिसरा तास सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली की शेजारच्या वर्गाचं दार वाजायचं. आमच्या दोन वर्गांमधली भिंत पातळ, त्यामुळे मलाही ते ऐकू यायचं. दाराशी एखादा मुलगा उभा असे, हातात गुलाबी चिठ्ठी. कधी सहावीचा, कधी आठवीचा. कुठल्या तरी वर्गात त्याने दंगा केलेला असे आणि तिथल्या शिक्षिकेने त्याला ऑफिसात न पाठवता शेजारच्या बाईंकडे धाडलेलं असे. बाई शिकवता शिकवताच मागच्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवायच्या. मुलगा निमूट जाऊन बसायचा. तास संपला की त्या त्याच्याशी दोन मिनिटं हळू आवाजात बोलायच्या आणि तो खाली मान घालून निघून जायचा. पाठवणाऱ्या शिक्षिका बहुतेक गोऱ्या असत. मुलगा कृष्णवर्णीय असे. बाईही कृष्णवर्णीय.

पहिल्या वर्षी मला याचं निव्वळ कौतुक वाटलं. केवढा हा दरारा, केवढा मुलांचा विश्वास! आमच्याकडे नाही का, एखाद्या सरांचं नुसतं नाव काढलं की वर्ग चिडीचूप होतो, तसंच काहीसं. दुसऱ्या वर्षी मी मोजायला लागले. दिवसाला दोन, कधी तीन. म्हणजे आठवड्याला दहा-बारा मुलं, शिवाय त्यांच्या स्वतःच्या वर्गातली अठ्ठावीस. मोकळ्या तासाला तपासायच्या वह्या तशाच राहत. त्या कामाची नोंद कुठे नव्हती, त्याचे पैसे नव्हते, आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'नेतृत्व' या रकान्यात बाईंच्या नावापुढे दर वर्षी एकच शब्द पडे: 'प्रोफिशंट'. ठीक आहे, जमतं, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या वरच्या दोन पायऱ्या समित्यांवर बसणाऱ्यांसाठी होत्या.

जॉन किंग हे ओबामांच्या काळात अमेरिकेचे शिक्षणमंत्री होते. २०१६ मध्ये त्यांनी या ओझ्याला 'अदृश्य कर' म्हटलं होतं. कृष्णवर्णीय आणि इतर वर्णांच्या शिक्षकांनी आपल्यासारख्या मुलांची शिस्त सांभाळायची, पालकांशी दुभाष्याचं काम करायचं, आणि हे सगळं त्यांना जन्मजात जमतं असं बाकीच्यांनी धरून चालायचं. हा शब्द मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाला. तोवर माझ्याकडे फक्त दारावरची ती टकटक होती.

मी इथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी अकरा वर्षं गणित शिकवलं. २००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, तीन वर्षांनी कायम झाले. २०१२ मध्ये नवऱ्याबरोबर नॉर्थ कॅरोलायनात आले आणि घरी बसले, कारण एच-फोर व्हिसावर आलेल्या बायकोला कामाची परवानगी नव्हती. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाला होता, त्यांना काम करता येऊ लागलं. पदव्यांची तपासणी झाली, परीक्षा दिली, 'लॅटरल एंट्री' नावाच्या वाटेने परवाना मिळाला, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये शार्लटपासून तासाभरावरच्या एका मिडल स्कूलमध्ये सातवीच्या गणिताची शिक्षिका म्हणून उभी राहिले. त्या सकाळी वर्गातला फळा पुसताना माझे हात थरथरत होते. चार वर्षांनी फळ्याला हात लागत होता.

या राज्यात प्रिन्सिपलच्या शब्दाला किती वजन आहे, ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिक्षकांच्या संघटना आहेत, पण सरकारी नोकरांच्या संघटनेशी सामूहिक करार करायला इथे १९५९ पासून कायद्यानेच बंदी आहे. नव्या शिक्षकांसाठी 'कायम होणं' ही गोष्टही आता उरलेली नाही, मुदतीचे करार असतात. पहिली तीन वर्षं नव्या शिक्षकाचं वर्षाला चार वेळा निरीक्षण होतं, तीनदा वरिष्ठांकडून आणि एकदा सहकाऱ्याकडून. आपल्याकडे मुख्याध्यापक पाठ बघून लॉगबुकात चार ओळी लिहितात आणि आपण खाली सही करतो. इथे प्रिन्सिपल लॅपटॉप घेऊन मागच्या बाकावर बसते आणि पाऊण तास तिच्या बोटांचा आवाज येत राहतो. आमच्याच शाळेत कोलंबियाहून एक्सचेंज व्हिसावर आलेल्या एक स्पॅनिशच्या शिक्षिका होत्या. त्यांचं तर या देशात राहणंच शाळेच्या होकारावर होतं. निरीक्षणाच्या आदल्या रात्री त्या जेवत नसत.

आमच्या प्रिन्सिपल बाई गोऱ्या, पन्नाशीच्या, फार कष्टाळू. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात त्यांच्याकडून मला एक ईमेल आली. एका पालकाने लिहिलं होतं की आमच्या मुलीला टीचरचे उच्चार समजत नाहीत, तिला दुसऱ्या वर्गात घाला. प्रिन्सिपलनी ती तक्रार जशीच्या तशी मला पुढे पाठवली होती, वर एक ओळ घालून: 'यावर तुम्ही काय उपाय करणार आहात, ते शुक्रवारपर्यंत कळवा.' प्रत काउंसेलरला, प्रत असिस्टंट प्रिन्सिपलला.

मी चार रात्री झोपले नाही. 'पॅरलल' हा शब्द आरशासमोर उभी राहून म्हणत बसले. वर्गात फळ्यावर लिहायचं वाढवलं, बोलायचं कमी केलं. पुढच्या आठवड्यात मुलीशी बोलले, तेव्हा कळलं की तिची खरी अडचण अपूर्णांकांची होती. पाचवीपासून राहून गेलेले छेद समान करणं तिला येत नव्हतं आणि घरी सांगायची लाज वाटत होती.

त्याच महिन्यात सहावीच्या इंग्रजीच्या एका शिक्षिकेविरुद्धही तक्रार आली होती. त्या गोऱ्या, वयाने माझ्याहून लहान. प्रिन्सिपल स्वतः चालत त्यांच्या वर्गात गेल्या, दार लोटून घेतलं, आणि म्हणाल्या, "काय झालं गं?" हे त्यांनीच मला जेवणाच्या सुट्टीत सहज सांगितलं, प्रिन्सिपल किती चांगल्या आहेत ते मला पटवावं म्हणून. मी हो म्हणाले. माझा घास घशात अडकला होता. तक्रार दोघींचीही आली होती. एकीला आधी विचारलं गेलं आणि दुसरीला उत्तर मागितलं गेलं.

प्रिन्सिपल मनाने वाईट होत्या असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत माझे वडील गेले. मी रडत ऑफिसात गेले तेव्हा त्यांनी एकही कागद न मागता मला गाडीपर्यंत सोडलं, आणि बदली शिक्षक मिळेना तेव्हा तीन दिवस माझे तास स्वतः घेतले. मी परत आले तेव्हा टेबलावर वह्यांचे गठ्ठे तपासून रचून ठेवलेले होते. ते मी जन्मभर विसरणार नाही. दुःखात त्या माझ्याजवळ आल्या. रोजच्या साध्या कामात मात्र त्या आणि मी यांच्यात काहीतरी अवघडलेलं राहिलं. त्यांना माझ्याशी काय बोलावं ते सुचत नसे, आणि मला त्यांच्याशी.

हे अवघडलेपण पगारापर्यंत पोचतं, हे मला कॉरिडॉरमध्ये उभं राहून कळलं. जादा कामं कशी वाटली जातात? शाळेनंतरची शिकवणी, उन्हाळी वर्ग, खेळाचा संघ, विषयप्रमुखपद. या प्रत्येकाचे वेगळे पैसे असतात. त्यासाठी सूचनाफलकावर कागद लागतो, पण बहुधा त्याआधीच ठरलेलं असतं. सकाळी कॉफीचा कप घेऊन प्रिन्सिपल कॉरिडॉरमधून जायच्या, ज्यांच्याशी गप्पा असत त्यांच्यापाशी थांबायच्या, आणि मुलांच्या फुटबॉलबद्दल, चर्चमधल्या जेवणाबद्दल, कुणाच्या तरी किनाऱ्यावरच्या घराबद्दल बोलता बोलता म्हणायच्या, "उन्हाळी वर्ग तू घेशील का यंदा?" झालं. यात कुठेही द्वेष नव्हता. शेजारच्या बाईंच्या दारापाशी मात्र त्या "गुड मॉर्निंग" म्हणून पुढे जायच्या. बाईंची बावीस वर्षं नोकरी झाली होती. उन्हाळी वर्ग त्यांना एकदाच मिळाला होता.

पुढे मी ग्रंथालयात बसून याविषयी वाचायला लागले. जेसन ग्रिसम आणि लेल कायझर या दोन अभ्यासकांचा २०११ मध्ये छापलेला एक निबंध हाती लागला. देशभरातल्या सरकारी शाळांच्या पाहणीतून त्यांना दिसलं की प्रिन्सिपल आपल्याच वर्णाचा असेल तर शिक्षक नोकरीत जास्त समाधानी असतात आणि शाळा कमी सोडतात. पाठिंबा मिळतो, शाबासकी मिळते, वर्गात मोकळीक मिळते, असं तेच शिक्षक जास्त सांगतात. आणि गोऱ्या प्रिन्सिपलच्या हाताखाली काम करणाऱ्या कृष्णवर्णीय शिक्षकांना, त्याच शाळेतल्या गोऱ्या शिक्षकांच्या तुलनेतसुद्धा, मूळ पगारावरचे जादा पैसे कमी मिळतात. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला कॉफीचा कप घेऊन चालणाऱ्या त्या भल्या बाई दिसल्या.

आकडे बघितले की चित्र आणखी उघडं पडतं. २०२०-२१ च्या सरकारी पाहणीनुसार सरकारी शाळांतल्या १०० शिक्षकांपैकी ८० गोरे, ६ कृष्णवर्णीय आणि २ आशियाई. प्रिन्सिपलांमध्ये १०० पैकी ७७ गोरे, १० कृष्णवर्णीय. मुलांमध्ये मात्र गोरी मुलं निम्म्याहून कमी. म्हणजे आपल्यासारखा प्रिन्सिपल मिळणं ही गोऱ्या शिक्षकासाठी इतकी नेहमीची गोष्ट आहे की त्याला ती जाणवतही नसेल.

हे असं कसं झालं, ते मला शेजारच्या बाईंनी सांगितलं. परीक्षेच्या दिवसांत आम्ही दोघी बस ड्यूटीला एकत्र होतो. त्यांचे आजोबा मुख्याध्यापक होते. विभक्त शाळांच्या काळात, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत. गावात त्यांचा शब्द चाले. लग्न असो, जमिनीचा कागद असो, लोक त्यांच्याकडे येत. १७ मे १९५४ रोजी 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. आपल्या पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येतं आणि ती ओळ आनंदाची असते. बाई म्हणाल्या, "मुलं एकत्र आली. शिक्षक नाही आले."

शाळा एकत्र करायच्या तर एक शाळा बंद करायची, आणि बंद व्हायची ती बहुधा कृष्णवर्णीयांची. ज्या टोपीका गावातून तो खटला गेला, तिथल्या शाळाखात्याच्या प्रमुखाने निकालाच्या आधीच, १९५३ च्या मार्चमध्ये, एका कृष्णवर्णीय शिक्षिकेला पत्र लिहिलं होतं. निकाल विभक्त शाळांच्या विरुद्ध लागला तर गोऱ्या मुलांना शिकवायला निग्रो शिक्षक ठेवणं गावातल्या बहुसंख्यांना आवडणार नाही असं आम्ही धरून चालतो आहोत, तेव्हा पुढच्या वर्षीची नेमणूक देता येत नाही, असा त्याचा मतलब. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या १७ राज्यांत मिळून ३८,००० च्या आसपास कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज आहे. नॉर्थ कॅरोलायनात हायस्कुलांचे कृष्णवर्णीय मुख्याध्यापक दोनशेच्या वर होते. एकोणीसशे सत्तरीच्या सुरुवातीला ते बोटांवर मोजण्याइतके उरले. बाईंच्या आजोबांना नव्या एकत्र शाळेत असिस्टंट केलं आणि बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळायला दिलं. तिथे त्यांना कुणी 'सर' म्हणेना, पहिल्या नावाने हाक मारत. "म्हणून मी बस ड्यूटी कधी नाकारत नाही," बाई म्हणाल्या, आणि समोरून येणाऱ्या पिवळ्या गाडीला हात दाखवला.

'अतिरिक्त ठरणं' म्हणजे काय, ते महाराष्ट्रातल्या शिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. पटसंख्या घटली, तुकडी तुटली, आणि माणूस समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत हलवायच्या, यादीत गेला. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काय येतं ते मी पाहिलं आहे. इथे एका वर्णाच्या हजारो शिक्षकांना असं एकदम अतिरिक्त ठरवलं गेलं, आणि ज्या खुर्चीत बसून त्यांच्या बाजूने कुणी बोललं असतं ती मुख्याध्यापकाची खुर्चीही त्याच वेळी काढून घेतली गेली.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या प्रिन्सिपल दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या आणि नवे प्रिन्सिपल आले. कृष्णवर्णीय, चाळिशीचे, आवाज मोठा. पहिल्या आठवड्यात ते लॅपटॉप न घेता वर्गावर्गात आले, दाराशी पाच मिनिटं उभे राहिले आणि गेले. संध्याकाळी माझ्या टेबलावर पिवळा कागद चिकटवलेला होता: 'गुणोत्तर शिकवताना तुम्ही सरबताचं उदाहरण घेतलंत. मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्यांदाच पुढे झुकला.' तीन वर्षांत मागच्या बाकाकडे कुणी पाहिलं आहे हे मला प्रथमच कळलं. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी गुलाबी चिठ्ठ्या बंद केल्या. मुलगा दंगा करत असेल तर मला बोलवा, दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात पाठवायचं नाही, असं स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. शेजारच्या बाई खाली बघत पेनाचं टोपण लावत होत्या, काढत होत्या. त्या वर्षी त्यांच्या वर्गाचं दार तिसऱ्या तासाला उघडंच राहू लागलं. ऑक्टोबरात एकदा आतून त्यांचं हसणं ऐकू आलं. मी शिकवायची थांबले आणि माझ्या वर्गातली मुलंही भिंतीकडे बघायला लागली.

माझ्या उच्चारांची तक्रार त्या वर्षीही आली. प्रिन्सिपलनी मला ईमेल पाठवली नाही. मोकळ्या तासाला आले, उभ्या उभ्या विचारलं, "मुलाचं काय म्हणणं आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "वडिलांना मी वर्गात येऊन बसायला सांगू का? तुमची हरकत नसेल तर." वडील आले. कामाचे बूट, टोपी मांडीवर, पूर्ण तास बसले. मी घटत्या-वाढत्या रेषांचा चढ शिकवत होते. जाताना वडील म्हणाले, "हे मला शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

आता हेही लिहिलं पाहिजे. हेच प्रिन्सिपल पुढे मला पुढच्या पातळीच्या गणिताचा वर्ग देताना मायेने म्हणाले, "तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं ना ते!" मी गप्प बसले. आठवीत असताना कंदिलाची काच पुसून वडील मला बीजगणित शिकवायला बसायचे, ते डोळ्यांसमोर आलं. रक्तात काही नव्हतं, वडिलांचे डोळे त्यात गेले होते. आणि त्याच वाक्याची दुसरी बाजू अशी की भांडणारी, रडणारी, घर मोडलेली मुलं माझ्याकडे यायची नाहीत. हिला गणित येतं, मुलं हिला जमायची नाहीत, असं दोन्ही प्रिन्सिपलांनी न बोलता धरलेलं होतं.

आणि सहावीच्या त्या इंग्रजीच्या शिक्षिका, ज्यांच्या वर्गाचं दार लोटून "काय झालं गं" विचारलं गेलं होतं, त्या मात्र त्या वर्षी उदास होत गेल्या. उन्हाळी वर्ग दुसऱ्या कुणाला गेले. मार्चमध्ये महामारीने शाळा बंद झाल्या, पडद्यावर शिकवणं सुरू झालं, आणि जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी पार्किंगमध्ये मला म्हणाल्या, "इथे आता माझं कुणी ऐकत नाही." मला आधी राग आला. मग आठवलं की हेच वाक्य, याच शब्दांत, शेजारच्या बाई मला तीन वर्षं सांगत होत्या. ग्रिसम-कायझर यांच्या निबंधातही हे दोन्ही बाजूंनी आहेच. मिसूरी आणि टेनेसी या राज्यांवरच्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं की कृष्णवर्णीय प्रिन्सिपल आले की कृष्णवर्णीय शिक्षक जास्त घेतले जातात आणि जास्त टिकतातही. आपल्यासारख्याशी बोलायला शब्द शोधावे लागत नाहीत, हे बहुतेक सगळ्यांचंच आहे. पण ८० जणांकडून ते होतं तेव्हा त्याचं वजन वेगळं आणि ६ जणांकडून होतं तेव्हा वेगळं. या दोन्हींना एकच माप लावणारा माणूस मला पटत नाही.

मिशिगनमधला एक अभ्यास सांगतो की एकाच शाळेत कृष्णवर्णीय शिक्षकांना खालचा शेरा मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा जास्त. शिकागोतला दुसरा सांगतो की तिथल्या गुणांमधला फरक मुख्यतः यामुळे पडतो, की हे शिक्षक गरीब वस्त्यांतल्या, कठीण परिस्थितीतल्या वर्गांत शिकवतात. हे वाचून माझ्या मनातला राग थोडा गुंतागुंतीचा झाला. शेरा लिहिणारा हात तर आहेच. पण कुणाला कुठला वर्ग दिला, हे शेऱ्याच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

कुणाला कुठला वर्ग दिला. हे वाक्य मनात आलं आणि मी ग्रंथालयातून उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

फेब्रुवारी हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. कॉरिडॉरमधला मोठा फलक त्या महिन्यात सजवायचा असतो आणि तो दर वर्षी शेजारच्या बाईंकडे येई, कुणी न विचारता. माझ्याकडे दिवाळी येई. एकदा फलकावर अक्षरं चिकटवायला मी त्यांना मदत करत होते. त्या म्हणाल्या, "मला कधी तरी वसंत ऋतूचा फलक करायचाय. फुलांचा." माझ्या हातातला कागद तसाच राहिला. कारण आमच्या हायस्कुलात ६ डिसेंबरचं भाषण आणि १४ एप्रिलचं सूत्रसंचालन नऊ वर्षं एकाच सरांकडे होतं, आणि शिवजयंतीचं, २६ जानेवारीचं, स्नेहसंमेलनाचं कधीच नव्हतं.

ते सर २००३ मध्ये बिंदुनामावलीतून, म्हणजे आरक्षणाच्या जागेवर, आले. लातूरकडचे. मराठीत एम. ए., प्रथम वर्ग. आमचे हेडसर आणि मी एकाच जातीचे. माझे काका त्यांच्याबरोबर शिकलेले. मी लागले त्या वर्षी हेडसरांनी मला दहावीचा वर्ग दिला, परीक्षा विभाग दिला. दुपारी ऑफिसात चहा आला की शिपाईमामा मला बोलावून न्यायचे. मला वाटायचं, मी चांगली शिकवते म्हणून. शिकवत असेनही. पण कुणाच्या तक्रारीवर मला कधी खुलासा लिहावा लागला नाही. हेडसर यायचे आणि विचारायचे, "काय झालं गं?" नेमके हेच शब्द. नोकरीतलं माझं सगळं समाधान त्या तीन शब्दांवर उभं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या सरांना शेवटचे तास असत, बदली तास असत, शालेय पोषण आहाराचा हिशेब असे. त्यांच्या लॉगबुकात 'सुधारणेस वाव' हे शब्द मी पाहिलेले आहेत.

२००५ च्या मे महिन्यात पुढच्या वर्षाचं वेळापत्रक बसवताना हेडसरांनी मला विचारलं, "नववीचं मराठी ते कसं शिकवतात गं? तुझा काय अनुभव?" मी म्हणाले, "शिकवतात मनापासून सर, पण ते 'पानी', 'लोनी', 'करायलेत', 'जायलेत'... मुलांच्या कानावर तेच पडतं." एवढंच म्हणाले. जूनमध्ये नववीचं मराठी दुसऱ्या बाईंकडे गेलं आणि सरांना पाचवी-सहावी मिळाली. मी ते विसरूनही गेले. अकरा वर्षांनी माझ्या नावाने ती ईमेल आली तेव्हासुद्धा आठवलं नाही. फेब्रुवारीतल्या त्या फलकापाशी आठवलं.

जात म्हणजे वंश नव्हे. दोन्हींचे इतिहास वेगळे, जखमा वेगळ्या, आणि घाईने त्यांची बेरीज करणं मला मान्य नाही. पण हे दोन्ही शेजारी ठेवून बघणारा माणूस आपल्याच मातीतला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. ती अर्पणपत्रिका त्या सरांनी आमच्या शाळेत ११ एप्रिलला मोठ्याने वाचून दाखवली होती. मी मागच्या रांगेत बसून दहावीचे पेपर तपासत होते.

शेजारच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं त्या काही समजुतीचं बोलतील. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "त्यांना फोन केलास का?"

जुन्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नंबर मिळाला. तरी मला वर्ष लागलं. शिक्षकदिनाचं निमित्त धरून केला. सर पहाटे उठतात हे माहीत होतं. "बोला बाई," ते म्हणाले, जणू कालच स्टाफरूममधून उठले होते. मुलगी नांदेडला डॉक्टर झाली, गुडघे दुखतात, यंदा सोयाबीन गेलं पावसात. मी ऐकत राहिले. मग मी म्हणाले, "सर, त्या वर्षी नववीचं मराठी तुमच्याकडून गेलं. हेडसरांनी मला विचारलं होतं. मी तुमच्या बोलण्याबद्दल बोलले होते."

पलीकडे थोडा वेळ कोंबड्याचा आवाज आला.

"माहितीय बाई मला. मामांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. ते चहा घेऊन आत आलते ना."

त्यानंतरची सात वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये बसलो होतो. दर संक्रांतीला त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला होता. माझ्या निरोपसमारंभात ते बोलले होते, माझ्या गणिताबद्दल, चांगलं. मला काही बोलता येईना.

"आता तिकडं किती वाजायलेत, बाई?" सरांनी विचारलं.

"सव्वानऊ," मी म्हणाले. "रात्रीचे."